कुसुमताईंच्या दोरीवरचा स्वेटर

नागपूर, मंगळवार, डिसेंबर १९७४

जमलं एकदाचं. आज हे नवा स्वेटर घालून निघाले आणि शेजारच्या कुसुमताईंनी आम्हा दोघांना फाटकातच अडवलं. "काहून वं सुमन, हा नमुना कुठून आणला?"

कुठून म्हणजे? मागच्या थंडीत मी त्यांचा नमुना मागितला, तर विणकाम पदराखाली घेऊन बसल्या होत्या. पदराखाली! मग त्यांच्या यजमानांचा स्वेटर दोरीवर वाळत असला की मी कुंपणाशी उभी राहून टाके बघून घ्यायची. अर्धी पाठ विणून झाल्यावर डोक्यात आलं, उन्हानं रंग उडू नये म्हणून त्या स्वेटर उलटा वाळत घालतात. मी आतली बाजूच विणत होते. उसवायला बसले, पण ती आतली बाजूच जास्त छान दिसत होती. मग काय, तशीच पुढे विणली.

आज त्यांनी बाहीवरून दोनदा हात फिरवला, तरी ओळखलं नाही. वर म्हणतात, "मले शिकवशील का?"

खरं सांगावं का? नकोच.

उद्या सुया घेऊन येणार आहेत. त्यांचाच नमुना त्यांना शिकवीन, पदर घट्ट खोचून, एकेक टाका दिसेल असा.