माळावर अडकलेली कचेरी

जुने हॅडली, नेब्रास्का
१४ नोव्हेंबर १८८७

चि. अॅन्सेल यास,
अ. उ. आशीर्वाद.

जिल्ह्याची कचेरी कुठल्या गावात असावी, या मतदानात तुमचं नवं गाव जिंकलं, तशी काल ती ओंडक्यांवर चढवून घोड्यांनी ओढत नेली. अख्खी, दारंखिडक्यांसकट. बाबा खिडकीशी बसून बघत होते. जिल्ह्याला धड नावही नव्हतं तेव्हा त्यांनी ती स्वतःच्या हातांनी बांधली. तेव्हा इथे चर्च नव्हतं, म्हणून खटले, लग्नं, मयतीची प्रार्थना, सारं तिच्याच दालनात व्हायचं. आईलाही आपण तिथूनच निरोप दिला. मलाही तिथूनच न्या, असं बाबा रोज सांगतात. आता कुठून नेऊ? नव्या गावासाठी हात वर करताना तुला हे आठवलं नाही का?

सुनेला व मुलांना आशीर्वाद. रागावलेली, तरी तुझीच,
ओर्फाताई

नवे हॅडली
५ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रेल्वे इकडून गेली, त्याला मी काय करू? तिकडे राहून कचेरीने ओसाड गावाची राखण केली असती. बाबांना सांग, त्यांचं बांधकाम त्यांच्यासारखंच हट्टी निघालं. निम्म्या वाटेत, ओढ्याच्या उतारावर रुतून बसलंय. बर्फ पडलं, घोडे सोडून दिले. आता वसंतातच हलेल. कचेरी इथे पोचली की बाबांना आणून पहिल्या बाकावर बसवतो. तोवर त्यांना जप.

लोभ आटू देऊ नकोस.
अॅन्सेल

जुने हॅडली
११ जानेवारी १८८८

चि. अॅन्सेल,

मंगळवारी बाबा गेले. तुझं पत्र ऐकून हसले होते. घाई करणाऱ्यांना माझी कचेरी दाद द्यायची नाही, म्हणाले.

तुझ्या गावापर्यंत गाडीची वाट बंद आहे, पण ओढ्यापर्यंत बर्फगाडी जाते. शनिवारी मी त्यांना कचेरीत आणते. तू तिकडून पायी ये. किल्ल्या तुमच्या कारकुनाकडे आहेत. तो कुरकुरला तरी घेऊनच ये. भांडण मागाहून करू.

ताई

नवे हॅडली
२० मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कचेरी पोचली. बँड वाजला, सगळे धावले. मला जाववलं नाही. बाबांना निरोप दिला त्या दिवशी तिरक्या जमिनीवर न्यायाधीशांच्या टेबलावरून त्यांची शवपेटी घसरत होती. तू प्रार्थना म्हणत होतीस आणि मी ती छातीने रेटून धरली होती. बाबांचं ओझं असं कधी उचललंच नव्हतं, ताई.

काल साक्षीसाठी तिथे जावं लागलं. जमीन आता अगदी सपाट केली आहे. टेबल तेच. शपथ संपली तेव्हा कारकून मला टेबलावरचा हात काढायला सांगत होता. मी टेबलाची कड घट्ट धरून उभा होतो.

तुझ्या मायेचा भुकेला,
अॅन्सेल