हॅल्वर्डच्या कागदावरची पाच भोकं

१८ मे

आज चांदमारीवर मी हॅल्वर्डला सगळ्यांसमोर आंधळा म्हणालो.

अगदी त्याच शब्दांत नाही. पण अर्थ तोच. बिचारा निशाणाचा कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आला. शंभर यार्डांवरून पाच गोळ्या, आणि पाचांची तोंडं पाच दिशांना! म्हणाला, "एल्डन, जरा नीट बघ ना हे." बघितलं. म्हटलं, "गोळ्या मी ओतल्यात, हॅल्वर्ड. तिथे खोट निघायची नाही. रायफलीच्या मागे काय आहे ते तपास. एकोणऐंशी वर्षांचे डोळे!" बाकांवरचे सगळे हसले. हशा मिळाला की मला थांबता येत नाही, माझी बायको बर्निस नेहमी म्हणायची. म्हणून वर आणखी एक ठेवून दिला: "पुढच्या वेळी तुझ्यासाठी कागदाऐवजी अख्खं गवताचं कोठार उभं करू!"

तो हसला नाही. कागद माझ्या हातात दिला. "राहू दे तुझ्याकडे. घरी गेल्यावर बघ." आजोबांच्या वेळची ती लिव्हरची रायफल पिशवीत घातली आणि गेला.

कागद शेडमध्ये शिसं वितळवायच्या भांड्यामागे भिंतीवर टाचला. गंमत म्हणून.

१९ मे

रुबार्बचा केक घेऊन त्याच्याकडे जावं, असं मनात आलं. गेलो नाही.

२९ मे

सिग्रिडचा फोन — हॅल्वर्डची मुलगी. "एल्डनकाका, खरं सांगा. बाबांना दिसत नाही का? मी किराणा घ्यायला गेले तर दोघांनी मला कोठाराची गोष्ट सांगितली."

'चेष्टा होती गं', एवढंच म्हणायचं होतं. पण मग कागदावरच्या भोकांचं काय? दोष डोळ्यांचा नसेल तर गोळ्यांचा. आणि माझ्या गोळ्यांना तीस वर्षांत कोणी नावं ठेवलेली नाहीत. बर्निस मार्चमध्ये गेली. आता या गावात माझं म्हणून जे काही नाव आहे, ते त्या गोळ्यांचंच. मी घसा खाकरून म्हणालो, "काळजी घेतलेली बरी."

संध्याकाळी ती हॅल्वर्डकडे येऊन त्याची रायफल घेऊन गेली. ट्रकच्या किल्ल्यासुद्धा!

काळजी घेतलेली बरी. काय गोड वाक्य आहे.

६ जून

हॅल्वर्ड पायी पोस्टात निघाला होता. त्याच्या फाटकापासून अडीच मैल, उन्हातून, टोपी हातात. मी ट्रकमध्ये. त्याने हात केला. मी स्टिअरिंगवरून एक बोट उचललं, अनोळखी गाडीला उचलतो तसं, आणि पुढे गेलो. आरशात बघायचं टाळलं.

शिकारीच्या सीझनला चार महिने उरलेत. ट्रक नाही, रायफल नाही, म्हणजे यंदा तो एल्क सांबरांच्या मागे डोंगरात जाणार नाही. बावन्न वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

१२ जून

दिवसभर ओतकाम. टायरवाल्याकडची चाकांची जुनी शिशाची वजनं वितळवली, त्यात थोडं कथील. साचा तापला, गोळ्या चांदीसारख्या पडायला लागल्या. हे काम करताना बरं वाटतं. आज वाटलं नाही.

मनातल्या मनात हॅल्वर्डशी वाद घालत होतो. शिशाची गोळी नळीपेक्षा केसभर जाड हवी, हे मला तू शिकवणार? सैल पडली की मागचा गरम वायू बाजूने निसटतो, शिसं नळीला फासतं, गोळी कोलांट्या खात जाते. तांब्याची गोळी चूक पोटात घालते, शिशाची घालत नाही. तुझी नळी जुनी, झिजलेली. दोन वर्षांपूर्वी तिच्यातून मऊ शिशाचा गोळा ठोकून काढून मीच माप घेतलं — तीनशे दहा, इंचाच्या हजारांशात. म्हणून तुझ्या गोळ्या तीनशे अकराच्या डायमधून, म्हणजे त्या मापाच्या पोलादी कड्यातून, दाबून काढतो, बाकी सगळ्यांच्या तीनशे नऊमधून. वर मायक्रोमीटर लावतो. 'मोजल्याशिवाय तोंड उघडू नये' — क्लबातल्या नव्या पोरांना हे कोण शिकवतं? मी!

भांडण जिंकलो. समोर कोणी नव्हतंच.

२१ जून

लिहायला नको वाटतंय, पण लिहितोच.

कोरीन आली होती, पशुखाद्याच्या दुकानातली. तिच्या गोळ्या न्यायला. भांड्यामागच्या भिंतीकडे बघत राहिली, अगदी जवळ जाऊन.

"काका, हा कागद तुम्ही नीट पाहिलात?"

"हॅल्वर्डचा प्रताप! रोज पाहतो."

ती फळीकडे वळली. म्हणाली, "त्यांच्या गोळ्या उरल्यात का काही?" डब्यात होत्या. तिने माझाच मायक्रोमीटर घेतला, खिडकीपाशी गेली.

"तीनशे नऊ."

"तीनशे अकरा असेल. पुन्हा बघ."

"तीनशे नऊच, काका."

मी हिसकावून घेतला. मला तीनशे अकरा दिसलं. स्पष्ट! मग तिने फळीवरची डाय आणली आणि माझ्यासमोर धरली. "हिच्यावरही तीनशे नऊ कोरलंय." मी डाय फिरवली, उजेडात धरली, शेवटी नखाने आकडा चाचपला. नख खोटं बोलत नाही. नऊ.

"मायक्रोमीटर बिघडलाय," मी म्हणालो. तिने पेटीतली पक्क्या मापाची कांडी काढून लावून बघितली. बरोबर होता.

"चष्मा लावता ना?" तिने हळूच विचारलं.

लावलेलाच होता.

म्हणजे वसंत ऋतूपासून मी हॅल्वर्डला सैल गोळ्या देत होतो. बाकीच्यांच्या रायफली नव्या, त्यांना तीनशे नऊच लागतं, म्हणून कोणाची तक्रार नाही. मापावर मला जे दिसायला हवं होतं, तेच मी बघत होतो. आणि आंधळा कोण? तो!

२२ जून

आज गेलो नाही. लाज वाटली म्हणून गेलो नाही, हे लिहितानाही लाज वाटते.

२५ जून

गेलो. सिग्रिड तिथेच होती, ते बरंच झालं. दारातच सगळं ओकलो, नाहीतर धीर सुटला असता. "डोळे माझे गेलेत. त्याचे नाही. गोळ्या चुकीच्या होत्या. आणि तू फोन केलास तेव्हा मी फक्त माझं नाव वाचवलं."

सिग्रिड लाल झाली. "बाबा महिनाभर पायी हिंडलेत, काका!" मग एकदम थबकली. "आणि तुम्ही? तुम्ही आत्ता ट्रक चालवत आलात?"

याचा मी विचारच केला नव्हता. खिशातून किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. तिने पर्समधून त्याच्या काढल्या. दोन्ही जुडगे शेजारी शेजारी पडले.

हॅल्वर्ड म्हणाला, "कॉफी पातळ झालीय. चालेल?"

त्यानेच मला घरी सोडलं. एक अक्षर लावून बोलला नाही. फाटकापाशी एवढंच: "तो कागद आता फेकून दे."

"नाही. राहू दे समोर. शिक्षा म्हणून."

"फेक रे," तो म्हणाला. दोनदा म्हणाला.

१३ जुलै

नेमबाजीच्या सामन्याच्या सकाळी पॅनकेक खायला सगळा क्लब जमला होता. उभा राहिलो आणि सांगितलं. कोठाराचा विनोदसुद्धा पुन्हा सांगितला, यावेळी स्वतःवर. कोणी हसलं नाही. फार वाईट वाटलं. आणि वाटायलाच हवं होतं.

हॅल्वर्डने तीनशे अकराच्या गोळ्या मारल्या. डाय कोरीनने निवडली, माप तिने घेतलं, मी फक्त हँडल दाबलं. पाचही भोकं मुरांब्याच्या बरणीच्या झाकणाएवढ्या जागेत. लोक टाळ्या वाजवत होते. तो माझ्याकडे बघून 'बघ' म्हणून कागद दाखवत होता. मला पांढरं दिसत होतं, त्यात कुठेतरी करडा ठिपका.

९ ऑगस्ट

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. हॅल्वर्डने नेलं-आणलं, येता-जाता दोनशे मैल. सारखा विचारत होता, तो कागद टाकलास ना? हो म्हणालो. खोटंच.

१० ऑगस्ट

पट्टी काढली. शेडमध्ये गेलो.

पाचही भोकं आडवी. लांबट, कुलपाच्या भोकासारखी. गोळ्या कोलांट्या खात गेलेल्या — क्लबात काल आलेला पोरगाही सांगेल की गोळी सैल आहे! आणि खाली कोपऱ्यात, हॅल्वर्डच्या बारीक पेन्सिलीत, तारीख १८ मे:

"एल्डन, गोळ्या आडव्या लागतायत. माप एकदा बघ. बर्निसला जाऊन दोनच महिने झालेत, होतं असं. मी कोणाला बोललो नाही, बोलणारही नाही."