स्टेपनीवरचे तेवीस प्लग

२ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून मोहिमेची रोजनिशी. वाचणार कोणी नाही, तेव्हा खरं तेच लिहायचं. ठराव पहिला.

पार्श्वभूमी: सासरेबुवा. छत्तीस वर्षं ट्रक चालवला. एक डोळा तरुणपणीच काच लागून गेला, दुसऱ्यात आता मोतीबिंदू. भरपूर उजेड असला तर दिसतं, दुपारी चारनंतर सगळं धुकं. सत्तावीस तारखेला ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा कमजोर आहे, शब्द देत नाही. यावर सासरेबुवा एवढंच म्हणाले की त्याआधी डोंगरावरचा तो तलाव एकदा पाहायचाय. चाळीस वर्षांपूर्वी त्यांचा ट्रक तिथं दोन दिवस अडकला होता. आता तो रस्ता राहिलेला नाही, नुसती दगडधोंड्यांची वाट आहे.

मी ताबडतोब म्हणालो, मी नेतो. फोर बाय फोर गाडी दारात कशाला उभी आहे? (सेकंडहँड, ऑक्टोबरात घेतली. आतापर्यंत ऑफिस आणि दवाखाना.)

ते म्हणाले, हं.

लग्नाला सतरा वर्षं झाली. एवढ्या काळात या माणसाने मला 'हं'पलीकडे काही म्हटलेलं नाही. त्यांच्या तोंडून एकदा तरी 'छान' ऐकायचंय. तशी मला गरज नाही म्हणा.

४ मार्च
ऑफ-रोडिंगचे चौदा व्हिडिओ पाहिले. निष्कर्ष: सगळं टायरवर आहे. एकदा रस्ता सोडला की पंक्चरवाला नाही, फोनला रेंज नाही, कोणी नाही. माणसाला आपलं पंक्चर आपल्याला काढता आलं पाहिजे. किट मागवलं. चाळीस प्लग. प्लग म्हणजे डिंकात बुडवलेल्या सुतळीसारखा तुकडा, टोच्याने भोकात ठासायचा. अगदी सोपं.

७ मार्च, संध्याकाळी ५
किट आलं. थिअरी तयार आहे, आता प्रॅक्टिस हवी. पण कशावर? चालत्या चार टायरना भोकं पाडायला मी वेडा नाही. मग लक्षात आलं, मागच्या दारावर स्टेपनी नुसती लटकलेली असते. काम ना धाम. स्क्रू ठोकला, काढला, प्लग मारला. पन्नास मिनिटं. साबणाचं पाणी लावून पाहिलं, एक बुडबुडा नाही!

हिला मुद्दाम खाली बोलावून दाखवलं. ही म्हणाली, अहो, पण चांगल्या टायरला भोक कशाला पाडलंत? गाढवापुढे वाचली गीता.

१० मार्च
अकरा प्लग झाले. वेळ नऊ मिनिटांवर आली.

कन्या (वय सोळा, मत प्रत्येक गोष्टीवर) म्हणाली, बाबा, स्टेपनी अडचणीच्या वेळेसाठी असते ना? मी शांतपणे समजावलं की सर्जनसुद्धा थेट पेशंटवर शिकत नाही. ती म्हणाली, हो, पण ट्रान्सप्लांटसाठी आणून ठेवलेल्या हृदयावरही शिकत नाही. हल्ली शाळेत काय शिकवतात देव जाणे.

१२ मार्च
सगळे म्हणतात, टायरच्या बाजूच्या भिंतीला, म्हणजे साइडवॉलला, प्लग बसत नाही. कोण म्हणतं? मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदार 'किलो' म्हणाला म्हणून मी किलो मानत नाही, तपासतो. तीन प्लग साइडवॉलला मारले. चार तास टिकले! सकाळी स्टेपनी थोडी खाली बसलेली दिसली. रात्री गारवा होता.

तिच्यासाठी नवीन कव्हर आणलं. त्यावर 'वाट आमची आम्ही काढू' असं रंगवून घेतलं. आता आतलं काही दिसत नाही.

१४ मार्च
स्टेपनीत हवा भरायला पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने कव्हर काढलं, बघितलं आणि शेजारच्या बॅटरीवाल्याला हाक मारून बोलावलं. दोघांनी मिळून पाहिलं. मग त्याने अगदी आदराने विचारलं, साहेब, गाडी खिळ्यांच्या कारखान्यावरून नेली होती का? आणि नवीन स्टेपनी घ्या म्हणाला. धंदेवाईक माणूस, तो असंच म्हणणार. आमच्या खात्यात मी यांना रोज बघतो. मोहिमेनंतर विचार करू म्हटलं.

१६ मार्च, दुपारी
खडकाळ वाटेवर टायरची हवा कमी करतात, म्हणजे पकड चांगली मिळते. तिथं ऐनवेळी घोळ नको म्हणून आजच पार्किंगमध्ये बत्तीसची अठरा करून ठेवली. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

ही म्हणाली, अहो, आधी एकशे चाळीस किलोमीटर डांबरी रस्ता आहे ना? तिची नोंद घेतली आहे.

सासरेबुवा काठी टेकत खाली आले. अंगठ्याने टायर दाबून पाहिला. म्हणाले, हं. हा 'हं' जरा लांब होता. बहुतेक पसंत पडलं असावं.

ठराव दुसरा: उद्या कोणावरही चिडायचं नाही. माहिती फार द्यायची नाही. मागितली तरच द्यायची.

१७ मार्च
५.४०: निघालो. मी चालक, शेजारी सासरेबुवा, मागे ही आणि कन्या. चालता चालता गाडीच्या चारही चाकांना ताकद कशी मिळते ते थोडक्यात सांगितलं.

६.३०: सांगून झालं. कन्या झोपली होती.

८.१५: चहाला थांबलो. कन्या टायरला हात लावून ओरडली, इस्त्रीसारखे तापलेत! म्हटलं, मेहनत करतायत बिचारे.

९.५०: डांबर संपलं. वाट सुरू. अहाहा! नुसते दगड! यासाठीच जगायचं. सासरेबुवा खिडकीला नाक लावून बसलेत. उजेड छान आहे. मला म्हणाले, उजवीकडून घ्या. मी डावीकडून घेतलं. गाडीत कॅप्टन एकच असतो.

११.२०: आवाज. फस्सस.

११.२५: डावं मागचं चाक. साइडवॉल चिरली आहे, चांगली चार बोटं. हवा कमी असल्याने टायर बाजूला फुगलेला, त्यावरच दगड घासला, असं सासरेबुवा म्हणाले. हा एक दृष्टिकोन झाला.

११.३०: सर्वांना सांगितलं, घाबरू नका. कोणी घाबरलेलं नव्हतं. ही अंडी सोलत होती.

१२.०५: एका चिरेत सात प्लग मारले. सातही बाहेर आले. एक कन्येच्या पायाशी पडला.

१२.२०: हरकत नाही. स्टेपनी कशासाठी असते?

१२.२५: कव्हर काढलं. सासरेबुवांनी स्टेपनी मांडीवर घेतली आणि बोटांनी चाचपून मोजायला लागले. मोठ्याने. एक, दोन, तीन... मला वाटलं दहाला थांबतील. तेवीसपर्यंत गेले.

१.१०: स्टेपनी चढवली. पायपंपाने तीनशे दहा दाब मारले. साइडवॉलच्या तीन प्लगनी एकदम राजीनामा दिला. हवा शून्य. माझ्या पोटऱ्यांतही.

१.२०: परिस्थिती अशी. तलाव इथून दोन किलोमीटर. चारनंतर सासरेबुवांना दिसणार नाही. सत्तावीसनंतर दिसेल की नाही, कोणी शब्द देत नाही. म्हणजे आहे ते एवढेच अडीच तास आणि मी ते दगडावर बसून घालवतोय.

१.३०: सासरेबुवा उठले. म्हणाले, पायांना पंक्चर होत नाही, चला. हिने त्यांचा हात धरला, कन्येने पाणी घेतलं. मी म्हणालो, गाडीपाशी कोणीतरी थांबायला हवं, जबाबदारी आहे. ही एकदा माझ्याकडे बघून गेली.

२.१५: खरं तेच लिहायचं असा ठराव आहे, म्हणून लिहितो. इथून अकरा किलोमीटरपर्यंत माणूस नाही. आणि तीन चाकांची गाडी चोरून कोण नेणार आहे? मला त्यांच्याबरोबर चालायची लाज वाटली. तेविसाव्या आकड्यानंतर त्यांनी 'हं' पण केलं नाही.

३.५५: परत आले. सासरेबुवांचे डोळे लाल. तलाव दिसला का, हे विचारायचा धीर झाला नाही. त्यांनी काठीने वाळलेलं गवत दाखवलं आणि म्हणाले, कापा. टायरमध्ये गवत ठासून भरायचं! मी म्हणणार होतो की चौदांपैकी एकाही व्हिडिओत हे नाही. म्हणालो नाही.

५.१५: चिरलेलं चाक गाडीखाली आडवं घालून त्यावर जॅक लावला, गाडीच्या वजनाने टायरची कड रिमपासून सुटली. ते बोटांनी बघत होते आणि सांगत होते, हात आमचे. आत गवत, दोन चादरी आणि माझं नवीन मोहिमेचं जॅकेट. त्यावरची घोषणा कव्हरवरचीच होती. सगळं ठासल्यावर स्टेपनी उतरवून ते चाक पुन्हा चढवलं.

५.२०: मी स्टिअरिंगकडे निघालो तेवढ्यात सासरेबुवा म्हणाले, पोरी, तू चालव. आणि हिने चालवली! प्रत्येक दगड उजवीकडून. हिला वडिलांनी सोळाव्या वर्षी ट्रक शिकवला होता, हे मला लग्नाच्या सतराव्या वर्षी कळलं. कधी विचारलंच नाहीत, म्हणाली.

६.४५: डांबर लागलं. फाट्यावर पंक्चरचं दुकान. तिथल्या माणसाने टायर उघडला, आतून माझी बाही ओढून काढली आणि कोणाचं आहे विचारलं. कन्येने माझ्याकडे बोट दाखवलं.

१८ मार्च
मोहिमेचं मूल्यमापन. यश: गाडी परत आली. अपयश: दगड.

हिला विचारलं, तलाव कसा होता? पाणी कमी झालंय, म्हणाली, बाकी तसाच आहे असं बाबा म्हणाले. परत निघायची वेळ होईपर्यंत पापणी न हलवता बघत बसले आणि त्या दोन दिवसांची गोष्ट सांगितली. तिनेही ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. मी म्हटलं, मला सांग ना. नाही म्हणाली. ज्यांची आहे त्यांच्याकडूनच ऐका. तुम्ही यायला हवं होतं.

मला गाडी सांभाळायची होती, असं म्हणालो. ही उठून स्वयंपाकघरात गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

२१ मार्च
नवीन स्टेपनी घेतली. वरातीमागून घोडं. पंक्चरवाल्याने जुनी ठेवून घेऊ का विचारलं, दुकानात दर्शनी भागात लावतो म्हणाला. दिली नाही. साइडवॉलचे उडालेले तीन प्लग परत मारले आणि जिन्याखाली ठेवली.

२७ मार्च, सकाळी ९
ऑपरेशन. मी बाहेर बाकावर. आत नेताना सासरेबुवा हिला म्हणाले की आता काही झालं तरी चालेल, बघायचं ते बघून झालं. ही रडली. मीही जरा बाजूला जाऊन पाण्याच्या मशीनची तपासणी केली.

२८ मार्च
पट्टी काढली. दिसतंय! डॉक्टरांनी बोटं दाखवली, त्यांनी बरोबर मोजली. मोजण्यात त्यांचा हात कोण धरणार म्हणा.

३१ मार्च, सकाळी ११
आज काळा चष्मा लावून खाली आले. मी गाडी धूत होतो. म्हणाले, जुनी स्टेपनी कुठंय? टाकली म्हणणार होतो, पण जिन्याखालून तिची कड दिसत होती. बाहेर काढली. पायपंपाने हवाही भरली, जरा बरी दिसावी म्हणून.

चष्मा कपाळावर सरकवून एकेक प्लग जवळून बघितला. पाच मिनिटं तरी. मग म्हणाले, चोवीस आहेत. त्या दिवशी एक माझ्या बोटाला लागलाच नाही, इतका सफाईने बसलाय. जावईबापू, प्लग छान मारता तुम्ही.

छान! मी धावत वर जाऊन हिला सांगितलं. हिने विचारलं, आणि पुढे काय म्हणाले? पुढचं लिहायची तशी गरज नाही. पण ठराव पहिला. पुढे म्हणाले, भोकं तेवढी पाडत जाऊ नका.

परत खाली आलो तर ते पायरीवर बसले होते. म्हणाले, बसा. दुसरं काही नव्हतं म्हणून स्टेपनी आडवी टाकून तिच्यावर बसलो. आणि त्यांनी तलावाची गोष्ट सांगितली. तेव्हा ते बावीस वर्षांचे, ट्रक नवीन, अक्कल त्याहून नवीन. दोन पोती जास्त मावावीत म्हणून स्टेपनी घरी काढून ठेवली आणि सगळ्यांना सांगत सुटले की मला स्टेपनी लागत नाही. तलावापाशी टायर फुटला. दोन दिवस उपाशी. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा ड्रायव्हर आला, त्याने गवत कापायला लावलं आणि निघेपर्यंत 'हं'शिवाय एक अक्षर बोलला नाही.

मी ऐकत होतो. माझ्या खालून फुस्स असा बारीक आवाज यायला लागला. साइडवॉलच असणार. मी जागचा हललो नाही. हळूहळू खाली चाललोय हे मला कळत होतं, आणि त्यांना आता सगळं स्वच्छ दिसतं. त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला आणि गोष्ट पुढे चालू ठेवली.