अमीरबीची घागर

ता. १८ एप्रिल १९४१, शुक्रवार

ती. बाबा,

पाया पडतो. आन पाया पडूनच सांगतो, नाही, वहीतली ती सात पानं मी फाडनार नाही. मंगळवारी ओसरीवर उभं राहून तुम्ही म्हनले, "पानं फाडून चुलीत टाक, नाहीतर आखजीच्या सनाले या घरात पाय ठेवू नको." तवा मी गप राह्यलो, कारन पायरीवर न्हावी बसला होता. आता न्हावी नाही, म्हनून बोलतो.

माही तब्येत बरी आहे. तुमची पाठ कशी आहे? कडूबा गड्याले म्हना गोऱ्या बैलाच्या खुराले तेल लावत जाय, तो इसरते. मायले माहा नमस्कार. पत्राच्या डोक्यावर गावाचं नाव लिहिलं नाही, ते इसरलो म्हनून नाही. सांगतो पुढं.

मराठी चुकलं तर हसू नका. तुम्हीच मले लहानपनी अमरावतीले इंग्रजी शाळेत घातलं, आता नागपूरले कॉलेजातही सारं इंग्रजीच. प्रिन्सिपॉलले अर्ज लिहायचा म्हनलं की माहा हात घोड्यावानी पळते. घरी लिहायचं म्हनलं की जसा बोलतो तसंच कागदावर उतरते.

तुमाले वाटते, नागपूरच्या पोट्ट्याईनं माहं डोस्कं फिरवलं. तसं नाही. ही वही तुमालेच आवडली होती. आत्या सांगे न मी लिहो. सरकी उन्हात कशी घालायची, वाफा कधी भरायचा, पनजोबानं वाघ पाह्यला न धोतर सोडून कसा पळाला. तुम्ही पाहुन्याईले बोलावून बोलावून वाचून दाखवे. "पाहा, माह्या पोरानं माह्या बहिनीचं सारं डोस्कं कागदावर उतरवलं," असं काकाले तुम्हीच म्हनले होते. चाळीस पानापर्यंत मी हुशार होतो. एकेचाळीसाव्या पानावर मी एकदम कुलाले बट्टा लावनारा झालो.

एकेचाळीसावं पान कसं आलं, तेही आइका.

दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, एक सुकटा मानूस आपल्या दारात आला. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरले होते. मी ओसरीवर सुपारी कातरून राह्यलो होतो. तो तुमाले म्हनला, "भगवंतराव, माय गेली. जाता जाता तुमचं नाव घेतलं तिनं." तुम्ही म्हनले, "कोनाची माय?" तो नुसता "बरं" म्हनला आन पानी न पेता गेला. मी इचारलं तर तुम्ही म्हनले, बैल इकाले आला होता.

बाबा, त्याच्यासंगं बैल नव्हता.

मी आत्याले इचारलं. ती म्हने, "तुह्या बापाले इचार." असं पाच महिने चाललं. आता सुट्टीत आलो तर तिच्या दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. एक दिवस सुपात ज्वारी घेऊन बसली होती, मधातच हात थांबवून म्हने, "शेषा, वही आन बे. मले आता खडा कोनता न दाना कोनता ते दिसत नाही. मी गेली म्हंजे हे कोनाजवळच राहनार नाही."

तुमाले हे सारं ठाऊक आहे. तरी मी लिहितो, कारन तुमच्या तोंडून आपल्या घरात कोनी हे कधी आइकलं नाही. आत्या बोलली तसंच लिहितो:

"मोठ्या दुष्काळात मी अकरा वर्साची होती, भगवंता पाच महिन्याचा. आमचा बाप बैलं घेऊन चाऱ्यासाठी तापीकडं गेला, तो तिकडंच अडकला. घरात दाना नव्हता. मायनं आमाले घेतलं आन घाट उतरून खडी फोडाच्या कामावर निंगाली. रोहिनखेडपाशी तिले पटकी झाली. दोन दिसात गेली. गावानं तिले अग्नी देला. मी भगवंताले मांडीवर घेऊन मशिदीच्या पायरीवर बसली, कारन तठी सावली होती.

"एक बाई आली, तिच्या खाकेत लेकरू. म्हने, 'पोरी, हे रडत काऊन नाही?' मी म्हनली, 'त्याचं रडून झालं.' म्हने, 'कोनाचे तुम्ही?' मी म्हनली, 'पाटलाचे.' मंग तिनं भगवंताले हात नाही लावला. आधी गावातल्या आपल्या हिंदू लोकाईच्या चार घरी फिरून आली, कोनाच्या अंगावर दूध आहे का म्हनून. त्या साली कोनाच्या अंगावर दूध असन? वापस आली, माह्यापुढं खाली बसली, आन म्हने, 'तू याची मोठी आहे. तू सांग. पाजू का?'

"मी हो म्हनली. तो हो माहा आहे, शेषा. तुह्या बापाले तवा मानही धरता येत नव्हती. म्हनून लाज वाटायची असन तर मले वाटावं. मले नाही वाटत."

ती बाई म्हंजे अमीरबी. आन दिवाळीत आलेला मानूस, ज्याच्यासंगं बैल नव्हता, तो तिचा पोरगा वहाब. तवा तिच्या खाकेत होता तो.

तीन महिने तुम्ही दोघं बहीन-भाऊ तिच्या घरी राह्यले. तिनं कुंभाराकडून दोन कोरी मडकी आनली, अंगनात वेगळी चूल मांडून देली. आत्या आपल्या हातानं भाकर करे, आपल्या हातानं इहिरीचं पानी आने. अमीरबी म्हने, "उद्या तुहा बाप यीन. त्याच्यापुढं तुले मान वर करून उभं राहता आलं पाहिजे." सोताच्या पोटाले अर्धी भाकर न भेटनारी बाई, बाबा, परक्याच्या पोरीची जात सांभाळत होती. आन तापीकडून तुमचे बाप, आबा, आले तवा त्याईनं पह्यलं काम काय केलं? अंगनातली मडकी फोडली, तुमच्या टाळूवर आत्याचा हात ठेवला न तिच्याकडून शपत घेतली का ही गोष्ट कोनाले सांगायची नाही. अमीरबीनं गूळ-पानी पुढं केलं ते त्याईनं घेतलं नाही.

आबा देवमानूस होते, मले मान्य आहे. पन त्या दिवशी ते चुकले. हे मी वहीत लिहिलं आहे, आन याच ओळीवर तुम्ही वही फेकली.

तुमच्या लग्नाची गोष्ट आत्यानं सांगितली नाही, मायनं सांगितली. अमीरबी नवरीसाठी खन घेऊन पायी आली होती. आबानं तिले गोठ्याजवळ बसवलं. तुम्ही मुंडावळ्या बांधलेले, देवळातून येता येता तिच्यापुढून गेले. थांबले. मायले वाटलं आता वाकन हा मानूस. तुम्ही वाकले नाही. अमीरबी आत्याले म्हने, "पोऱ्या चांगला भरला आहे अंगानं." एवढंच म्हनली न उठून गेली. खन मायच्या पेटीत आजही आहे. मायवर रागावू नका.

आता गावाचं नाव सांगतो. हे पत्र मी रोहिनखेडवरून लिहून राह्यलो. आत्याही माह्यासंगं आहे. ती मेहकरले लेकीकडं गेली असं तुमाले सांगितलं, ते खोटं होतं. बुलढान्यापर्यंत मोटरीनं आलो, तठून घाट बैलाच्या दमनीत उतरलो. सारा घाट ती "हळू हाक बे, हळू हाक" म्हनत होती, आन गाव जवळ आलं तर म्हने, "काऊन एवढा हळू हाकते?" वाटेसाठी भाकरी कोनं बांधून देल्या, ते मी लिहिनार नाही.

मले भेव होतं वहाबचाचा दारातूनच वापस लावतीन. त्याईनं आत्याले पाह्यलं न म्हनले, "सोजरा, एकेचाळीस साल लागले तुले घाट उतराले?" आत्या म्हने, "बैलं हळू चालत होते." दोघंही हसले. मंग दोघंही रडले, ते मी लिहत नाही.

रात्री जेवताना चाचा मले म्हनले, "तुह्या बापानं माह्या हिस्स्याचं दूध पेलं, म्हनून मी असा सुकटा राह्यलो. माय सांगे, 'भगवंता दम न घेता पे, आन तू बाजूले पडून बोंबले.' पाटील तो तवाच झाला, हाताखालचे मानसं मागून आले." मी म्हनलो, "चाचा, तुमाले त्याईचा राग येत नाही?" ते म्हनले, "येते ना. भावाचाच येते. परक्याचा कशाले यीन?"

बाबा, मी कॉलेजात वादविवादात दोन बक्षिसं घेतली. तरी चाचाचं हे बोलनं मी जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं.

सकाळी कबरस्तानात गेलो. आत्याले दिसत नाही, तिनं मातीवर हात फिरवून फिरवून पाह्यलं. वहाबचाचाले म्हने, "अठी काय वाहाचं असते?" ते म्हनले, "फूल वाहा. नाहीतर नुसती बस, तिले बसनारं मानूस आवडे." ती ऊन डोक्यावर येईलोक बसली. आन उठताना तिनं जे सांगितलं, त्याच्यासाठी हे पत्र आहे.

दर आखजीले, अक्षय तृतीयेच्या सकाळी, तुम्ही आंघोळ करून गोजरबाई आजीची, तुमच्या मायची, घागर भरता. निखाऱ्यावर तूप सोडता, एकेका पितराचं नाव घेता, सारं घर हात जोडून उभं राहते. ज्याचं मानूस त्या साली गेलं, त्याची पह्यली घागर त्या आखजीले भरा लागते, नाहीतर ते मानूस दारात तान्हेलं उभं राहते, हे तुम्हीच मले शिकवलं. अमीरबी दिवाळीत गेली. ही तिची पह्यली आखजी आहे. आत्या म्हनते, तिची घागर आपल्या घरी भरली पाहिजे, तिचं नाव मोठ्यानं घेतलं पाहिजे, आन ते भगवंतानंच घेतलं पाहिजे.

मी वहाबचाचाले इचारलं, तुमाले चालन का? ते म्हनले, "आमच्यात असं करत नाहीत. पन माय त्याचीही होती. त्यानं आपल्या रीतीनं केलं तर मी कोन नाही म्हननारा?"

तुमचं म्हननं मी इसरलो नाही. विमलताईची सोयरीक मेहकरले जुळत आली आहे, मानसं कडक आहेत, त्याईच्या कानावर गेलं तर मोडन. ही भीती खोटी आहे असं मी म्हनत नाही. बाप म्हनून तुमाले झोप लागत नसन, ते मले समजते. म्हनूनच मी आधी विमलताईलेच पानं वाचून दाखवली. ती काय म्हनली ते जसंच्या तसं देतो: "लगन झाल्यावर त्याईले समजलं तर मले एकटीले आइकावं लागन. आता समजलं तर बाबाईले आइकावं लागन. आताच समजू दे." हसू नका, ती हसत नव्हती. तिनं सातही पानं आपल्या हातानं उतरवून घेतली आन पेटीत ठेवली. म्हनून सांगतो, माही वही चुलीत घातल्यानं आता काही होनार नाही.

कॉलेज बंद करतो म्हनले, करा. मी आपल्या शाळेतल्या पोट्ट्याईले शिकवीन, नाहीतर वखर हाकीन. वखर मले येत नाही, शिकीन. पन उद्या माहे लेकरं झाले, त्याईनं मले इचारलं का आपला आजा त्या दुष्काळात कसा वाचला, तर मी त्याईले "देवाची किरपा" असं सांगनार नाही. मी त्याईले बाईचं नाव सांगीन, गाव सांगीन, पायरी दाखवीन.

आखजीच्या आदल्या दिवशी मी न आत्या येऊन राह्यलो. दार लावलं असन तर आत्या ओट्यावर बसन. ती बसली का उठत नाही, तुमाले माहीत आहे. न्हावी पाहीन, सारं गाव पाहीन. मले त्याची लाज नाही. तुमच्यासाठी मातर वाईट वाटन, कारन आवाज तुमचा मोठा आहे, आन ते नाव तुमच्या आवाजात मले आइकायचं आहे.

तुमचा पोरगा, म्हनूनच अमीरबीचा नातू,
शेषराव

ता. क. आत्या जवळच बसली आहे. म्हनते माहंही लिही: "भगवंता, पाया बिया पडू नको, तू लहान असला तरी आता टकला झाला. मी तुले याच हातानं खाकेत धरून घाट चढवून आनलं, तुह्यावर हात उगारनार नाही. अठचा कुंभार मडकी चांगली भाजते. मी उद्या त्याच्याकडं जाऊन राह्यली. माय तुही एक मातीत निजली, एक राखेत गेली. घागर एक आनू का दोन? तुले काय वाटते?"