त्रेचाळिसावा संदर्भ

१० जानेवारी १९९४, सोमवार

शेवटी माझ्याच गळ्यात! हयवदन सरांनी फाईल पुढे सरकवली— "कमलाचा पेपर महिनाअखेर जायला हवा. मजकूर तिनं पुरा केलाय. संदर्भ तेवढे मासिकाच्या नियमाप्रमाणे लाव."

एकाहत्तर संदर्भ. आधी आडनाव, मग आद्याक्षरं, कंसात साल, मासिकाचं नाव संक्षेपात, खंडाच्या आकड्याखाली रेघ. नाही कसं म्हणणार? दोन वर्षं कमलाक्काच्या हाताखाली काम केलं. आनेकलकडच्या सहा विहिरी मोजल्या. पेपरवर पहिलं नाव तिचं, दुसरं सरांचं, तिसरं माझं.

तिला जाऊन आज बरोबर सात आठवडे.

१२ जानेवारी

दिवसभर लायब्ररीत. पानांचे आकडे ताडून बघत होते. तिचे बहुतेक बरोबर. एका ठिकाणी ११४चं १४१ झालंय, तेवढंच.

प्रत्येक खंडाच्या मागच्या कार्डावर तिची सही. त्याखाली मी माझी करायची. आज अकरा खंड काढले. अकरा वेळा ती वर, मी खाली.

काउंटरवरचे हंबीरराव सवयीनं म्हणून गेले, "कमलाक्काचे खंड बाजूला ठेवू का?" मग स्वतःच खंड माझ्यापुढे सरकवले. मी कार्डावर सही केली.

१३ जानेवारी

नियम १९ : लेखक हयात नसेल तर नावापुढे क्रॉससारखी खूण करावी. कॉम्प्युटरवर ती खूण सापडेना. छापलेल्या कागदावर पेनानं काढली. वाकडी आली, पान पुन्हा छापावं लागलं.

१७ जानेवारी, सोमवार

नऊ संदर्भ कुठेच सापडेनात, म्हणून तिची कार्डं आणायला यशवंतपूरला तिच्या घरी गेले. तिच्या आई जमनाबाई एकट्याच होत्या. चपलांच्या खोक्यात कार्डं नीट लावून ठेवलेली. "एकही हलवलं नाही गं," म्हणाल्या. लेकीचं अक्षर बोटानं चाचपत होत्या.

कॉफी दिली. मी नको नको म्हणत होते. "स्वल्प घे, बाळ." मग अचानक विचारलं, "अनुसूया, त्या दिवशी कमला आनेकलला का गेली असेल? मोजण्या तर एप्रिलातच संपल्या होत्या ना?"

मी म्हणाले, ठाऊक नाही. ते खरंच होतं. पण माझ्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

परतीच्या बसमध्ये खोकं मांडीवर. नोव्हेंबरात तिची बस उलटली त्यानंतर मी बसमध्ये खिडकीशी बसत नाही.

१९ जानेवारी

नवापैकी आठ मिळाले. राहिला त्रेचाळिसावा. आज तो उघडून बसले.

"देवाप्पा, शेतकरी, आनेकल : प्रत्यक्ष सांगितलेली माहिती, एप्रिल १९९३." नियम म्हणतो, असा संदर्भ असेल तर त्या माणसाचं सहीचं पत्र जोडावं.

इथे तरी खरं लिहिते. देवाप्पांनी मला काही सांगितलेलं नाही. एप्रिलची ती वर्षातली शेवटची मोजणी होती. त्या दिवशी धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता, येलहंक्याला. देवाप्पांच्या, म्हणजे सहाव्या विहिरीला मी गेलेच नाही. मार्चमध्ये काठापासून छत्तीस फुटांवर पाणी होतं, म्हणून अडतीस लिहिलं. कमलाक्कानं विचारलं, "टेपनं मोजलंस ना?" तेव्हा घाबरून म्हणाले, टेप अडकली, देवाप्पांनी सांगितलं. ती म्हणाली, "सरी, ठीक आहे, मग त्यांचं नाव द्यायला हवं." आणि दिलं! माझ्या थापेला तिनं आदरानं त्या माणसाचं नाव दिलं.

बाकी पाचही विहिरी एप्रिलमध्ये तळाला गेल्या होत्या. ही एकटीच दोन फूट उतरली. त्याचं कारण शोधायला तिनं अख्खा परिच्छेद लिहिलाय. खडक, झरे, काय काय. आठ संदर्भ त्या एका परिच्छेदात. ते आठही मी नीट लावले!

२० जानेवारी

देवाप्पांची सही सरांनी कुठे पाहिलीय? दोन ओळींचं पत्र. मीच लिहू शकते.

२१ जानेवारी

लिहिलं. फाडलं.

२४ जानेवारी, सोमवार

आनेकलला जाऊन आले. सगळं आठवतंय तसं लिहून ठेवते.

देवाप्पा विहिरीपाशीच होते. कन्नडमध्ये विचारलं, गेल्या एप्रिलला पाणी किती होतं? हसले. "पाणी? तळाचा चिखल वाळला होता, अम्मा. माणसं उतरवून गाळ काढला."

मग म्हणाले, "हेच तर त्या अम्मांना सांगितलं."

कोणत्या अम्मा?

"तुमच्या मोठ्या. दिवाळीनंतर आल्या होत्या. मला विचारलं, अडतीस फूट तुम्ही सांगितलंत का? मी म्हटलं, मी कुणालाच काही सांगितलं नाही, त्या महिन्यात कुणी आलंच नाही. त्या इथेच बसल्या, या दगडावर. पाणी प्यायल्या. मी विचारलं, त्या लहान अम्मा खोटं का बोलल्या? तर म्हणाल्या, लहान आहे, घाबरली असेल."

मी विचारलं, मग?

"मग काय. चारच्या बसनं गेल्या. मीच हात करून बस थांबवली." रस्त्याकडे बघत म्हणाले, "दुसऱ्या दिवशी कळलं."

मी त्याच दगडावर बसले. त्यांना वाटलं ऊन लागलं, तांब्या घेऊन आले. मी त्यांना म्हणाले, जे खरं घडलं तेच पत्रात लिहून द्या. मुलीकडून लिहवून घेऊन त्यांनी खाली सही केली. एकेक अक्षर जपून.

२५ जानेवारी

झोप नाही. जेवण नाही. आई विचारते, काय झालं? काय सांगू? एका साखरपुड्यासाठी—

२७ जानेवारी, गुरुवार

सरांना सगळं सांगितलं. पत्र पुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मी म्हणाले, माझं नाव काढा. त्यांनी काढलं. एक रेघ मारून. मग तक्त्यात ३८ खोडून "कोरडी" लिहिलं आणि तो परिच्छेदही खोडला. "त्यातले आठ गेले, देवाप्पांचा पत्रासकट राहील. आता संदर्भ त्रेसष्ट. क्रमांक सगळे बदलतील, पुन्हा लाव."

उठताना म्हणाले, "पेपर दुरुस्त होईल. बाकीचं माझ्या हातात नाही. जमनाबाईंकडे जा."

३० जानेवारी, रविवार

गेले. दारातच सगळं बोलून टाकलं, चप्पलही काढली नव्हती. जमनाबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "जायच्या आदल्या दिवशी जेवताना कमलानं सांगितलं होतं मला, तो अडतीसचा आकडा पटत नाही, विहिरीवर जाऊन खात्री करते. तुला विचारायचं नाही म्हणाली, ती आपणहून येईल." मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुला विचारून मीच चुकले. आत ये."