घरच्या माणसाला दाखला

लातूर
१२ जून २०१६

चि. सुकन्या हिस,
अ. उ. आ.

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितो. पत्र मध्येच कापता येत नाही, हा त्यातला फायदा.

इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. अकरावीच्या नव्या बॅचा सुरू झाल्या आणि केमिस्ट्रीच्या तासाला हरिओमला उभं राहावं लागतंय. तो क्लासचा संचालक. त्यानं प्रवेश बघायचे, जाहिराती बघायच्या, की खडू हातात घ्यायचा? तू एप्रिलमध्ये बॅग भरलीस आणि नांदेडला धोंडाबाईंकडे जाऊन बसलीस. मामीला सांगून गेलीस, मला नाही. इतक्या वर्षांनी बरी आत्या आठवली! भूकंपानंतर तीन वर्षांची पोर कडेवर घेऊन कोण आलं, हे जरा त्या आत्यालाच विचार.

तू क्लास-क्लास हिंडून अर्ज वाटते आहेस, हेही कळलं. माझा एक जुना विद्यार्थी तिथल्या एका क्लासच्या ऑफिसात आहे. त्यानं तुझा अर्ज मला व्हॉट्सअॅपवर पाठवला. हसावं की रडावं कळेना. चार पानं! त्यात उंची, रक्तगट, आवड मेंदी आणि भरतकाम. नोकरी मागते आहेस की नवरा? ई-मेलचा पत्ता काय, तर स्वीटसुकन्या. फोटोच्या जागी गुलाबाचं फूल. अगं, नोकरी देणारा माणूस अर्ज नंतर वाचतो, आधी मोबाइलवर नाव टाकून बघतो. तुझं नाव टाकलं तर काय येतं? बारावीच्या निकालाला मी तुला पेढा भरवतोय, तो फोटो. तो कुणाच्या पानावर आहे? आपल्या क्लासच्या. जगात तुझी जी काही ओळख आहे ती आमच्या फ्लेक्सवर आहे. ती सोडलीस तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

सोमवारपासून तासाला ये. आलीस तर मागचं काढणार नाही. मामीचे आशीर्वाद. राग आहे, पण लोभही आहे, हे जाणून वागावे.

तुझा मामा,
अमृतराव


नांदेड
१९ जून २०१६

ती. मामांस,
सुकन्याचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अर्ज चार पानांचा होता, खरं आहे. मेंदी आणि रक्तगट काढून तो एका पानावर आणला. ई-मेल बदलून नुसतं नाव आणि आडनाव ठेवलं. गुलाब काढून साधा फोटो लावला. तुमचा सल्ला बरोबर होता. तो जिव्हारी लागेल असाच तुम्ही देता, ही गोष्ट वेगळी.

पण त्या पानावर अनुभवाची जागा रिकामी राहते, मामा. एम.एस्सी. झाल्यावर तीन वर्षं मी तुमच्याकडे केमिस्ट्री शिकवली. सकाळची बॅच, संध्याकाळची बॅच, रविवारी हॉस्टेलवर राहणाऱ्या हदगावकडच्या पोरींच्या शंका. नोट्स मी लिहिल्या आणि त्यावर नाव तुमच्या लेकाचं, हरिओमदादाचं छापलं. माहितीपत्रकात मी नाही, पगारपत्रकात मी नाही. हातखर्चाला मामी काहीतरी द्यायची, ते कुठल्या बँकेत दाखवू?

परवा चन्नबसप्पा सरांच्या क्लासला मुलाखत झाली. मूळचे देगलूरचे, इथं त्यांचं मोठं नाव आहे. मी अर्ज पुढे केला, तो त्यांनी तसाच बाजूला ठेवला आणि तुम्ही म्हणता तसं मोबाइलवर नाव टाकलं. आला तुमचा पेढा. आणि खाली तुमचं ते वाक्य, भूकंपानं पोरकं केलं, आम्ही गुणवंत केलं. सर हळहळले. केमिस्ट्रीतलं एक अक्षर विचारलं नाही. म्हणाले की शिकवण्याचं पुढे बघू, सध्या प्रवेशाच्या टेबलाशी बसा, पालकांना तुमची कहाणी सांगा, आमच्याही फ्लेक्सवर फोटो घेऊ. मी नमस्कार करून उठले. घरी सांगितलं तर आत्या संतापून म्हणाली, की ह्यो मामा हाय का दुकानदार, मेलेल्या मान्सांच्या जिवावर किती दिस गल्ला भरून राहिलाय.

आत्याचं बोलणं कडू आहे, पण खोटं नाही. चांगुणा माझी आई होती तशी तुमची बहीणही होती. तिचं मरण तुम्ही दर जूनला नव्या रंगात छापता आणि त्यात तिचं नावसुद्धा नसतं.

मला तुमच्याकडून एकच हवं आहे. क्लासच्या लेटरहेडवर अनुभवाचा दाखला. विषय, कुठून कुठपर्यंत शिकवलं त्या तारखा, सही आणि शिक्का. चार ओळींचं काम आहे. तो नसेल तर मी नांदेडला कायम फ्लेक्सवरची पोर राहणार, बाई होणार नाही. मामीला नमस्कार. लोभ दाखल्यातून दिसावा, ही विनंती.

आपली,
सुकन्या


लातूर
२७ जून २०१६

चि. सुकन्या हिस,
अ. आ.

आशीर्वादातला एक शब्द कमी केला आहे, तो मुद्दामच.

दाखला मागतेस! घरच्या माणसाला कधी कुणी दाखला दिलाय का? तुझी मामी या घरात जन्मभर स्वयंपाक करते आहे. तिला देऊ का लेटरहेडवर, की सौभाग्यवतींना भाकरी थापण्याचा अनुभव आहे? काल तिला हे ऐकवलं. ती हसली नाही, हे मात्र सांगून ठेवतो. हल्ली तीही तुझ्याच बाजूची झाली आहे.

घरच्या पोरीनं घरच्या क्लासात दोन तास घेतले, त्याला नोकरी म्हणत नाहीत. बाहेर लोक काय म्हणतील? अमृतराव मास्तरांनी भाचीला राबवून घेतलं आणि शेवटी कागद देऊन वाटेला लावलं. मी हे होऊ देणार नाही. आणि चांगुणेचं नाव तू मला सांगू नकोस. तिला खांदा मी दिला आहे. मी तिच्या पोरीला वाढवलं, शिकवलं, आणि त्याचं चार लोकांत कौतुक झालं तर बिघडलं कुठे? खाल्ल्या घरचे वासे मोजायला कुणी शिकवलं तुला? आत्यानंच ना?

आणखी एक ऐकलं. तू म्हणे मोबाइलवर स्वतःचे व्हिडिओ टाकते आहेस. भिंतीला फळा टेकवून, मागे आत्याच्या साड्या वाळत घातलेल्या. शोभतं का हे? त्या व्हिडिओत ज्या नोट्स आहेत, त्या क्लासच्या आहेत. हरिओम गप्प बसणार नाही. उद्या रडत आलीस तर दार उघडं आहे, पण मान खाली घालून यावं लागेल.

लोभाबद्दल या खेपेला काही लिहीत नाही.

मामा


नांदेड
२४ जुलै २०१६

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

साड्या काढल्या. त्याबद्दल आभार, त्यांची फडफड गेली, आवाजही आता स्वच्छ येतो.

व्हिडिओ टाकायचं मी तुमच्यामुळेच ठरवलं. नाव टाकल्यावर पेढाच येणार असेल, तर त्याच्यावर दुसरं काहीतरी यायला हवं ना? मी रोज एक धडा टाकत गेले. आधी हदगावच्या पोरींनी बघितले, मग त्यांच्या भावांनी. मग चन्नबसप्पा सरांच्याच क्लासमधली पोरं मागच्या बाकावर माझा तास बघताना सापडली. सरांनी मला परत बोलावलं. या वेळी फळ्यासमोर उभं केलं आणि स्वतः शेवटच्या बाकावर बसले. तास संपल्यावर पोरं उठेनात. सर म्हणाले की पुन्हा परीक्षा देणाऱ्यांची रिपीटर बॅच तुम्हाला देतो.

मग माझा मूर्खपणा आडवा आला. अर्जात अर्जदाराबद्दल माहिती देऊ शकेल अशा व्यक्तीचं नाव लिहायचं असतं. आपलं एवढं भांडण झालेलं, तरी मी तुमचं लिहिलं होतं. दुसऱ्या कुणाचं सुचलंच नाही. सरांनी तुम्हाला फोन केला. तुम्ही त्यांना काय सांगितलं ते त्यांनी मला शब्दाशब्दानं सांगितलं. मुलगी हुशार पण हट्टी. शिकवलेलं वगैरे काही नाही. घरात मदत करायची, फळा पुसायची, खडू आणून द्यायची.

फळा पुसायची! मामा, मी फळा पुसायचे, कारण त्यावर लिहिलेलं माझंच असायचं. तुम्हाला खोटं बोलायचंच होतं तर निदान माझ्या शत्रूसारखं बोलायचं, मामासारखं प्रेमानं हसत नको होतं. सर सांगत होते की तुम्ही फार मायेनं बोलत होतात.

आता सरांचे भागीदार अडून बसले आहेत. ऑगस्टअखेर अनुभवाचा कागद आणा, नाहीतर प्रवेशाचं टेबल आहेच म्हणतात. आणि काल हरिओमदादानं तक्रार करून माझे व्हिडिओ बंद पाडले. नोट्स चोरल्या म्हणे. माझ्या नोट्स मीच चोरल्या! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

शेवटचं विचारते. दाखला देणार की नाही? लोभाचा आग्रह करण्याइतकं बळ आज माझ्यात नाही.

सुकन्या


लातूर
२ ऑगस्ट २०१६

चि. सुकन्या हिस,
आ.

नाही.

फोनवर जे बोललो ते परत बोलेन. तुला बाहेर कुणी घेतलं नाही तरच तू घरी येशील, आणि घरी यावंस असं मला वाटतं. यात काय चुकलं ते मला कळत नाही. प्रवेशाच्या टेबलाशी बसायचंच असेल तर आपलं टेबल काय वाईट आहे?

हरिओमची मात्र वेगळीच रड चालू आहे. निम्मे पालक येऊन विचारतात की व्हिडिओवाल्या मॅडम इथल्याच ना? मग नाही म्हटलं की चहा अर्धा टाकून उठतात. दोन बापे तर फी परत मागायला बसले होते. हे तू पेरलं आहेस. बाहेर बसून घराला सुरुंग लावते आहेस. पण आम्हीही हातावर हात धरून बसणार नाही. काय करायचं ते माझं मी बघतो.

मामी तुला रागं भरू नको म्हणते. भरलो आहे.

मामा


नांदेड
२१ ऑगस्ट २०१६

ती. मामांस,
सुकन्याचा सा. न. वि. वि.

तुम्ही काय केलंत, ते मागच्या रविवारी पेपरात पाहिलं. अर्ध्या पानाची जाहिरात. व्हिडिओंमुळे घराघरात पोचलेल्या केमिस्ट्रीच्या तज्ज्ञ प्रा. सुकन्या सोमवंशी यांनी सलग तीन वर्षं आमच्याकडे अध्यापन केलं असून, त्यांनी स्वतः तयार केलेल्या नोट्स फक्त आमच्याकडेच मिळतील. खाली तुमचा फोटो, तुमची सही आणि क्लासचा शिक्का. तारखासुद्धा होत्या.

मी अख्खं पान घेऊन गेले. सरांनी चष्मा लावून वाचलं, मग भागीदारांनी वाचलं. सरांनी विचारलं की फोनवरचं खरं मानू की पेपरातलं? मी सांगितलं की मामा मास्तर माणूस आहेत, ते छापून खोटं बोलायचे नाहीत. ऑफिसात त्या पानाच्या प्रती काढल्या आणि एक माझ्या फाइलला लागली. तीच जाहिरात व्हिडिओच्या तक्रारीला उत्तर म्हणूनही पाठवली. नोट्स माझ्या, हे तुम्हीच लिहून दिलंत. व्हिडिओ परत आले. रिपीटर बॅच शुक्रवारी सुरू झाली. आत्यानं गल्लीभर साखर वाटली आणि सगळ्यांना सांगत सुटली, की पोरीचा मामा लई कामाचा मानूस हाय.

जिंकले म्हणून हे पत्र लिहीत नाही. ती जाहिरात मी पुन्हा पुन्हा वाचली. त्यात भूकंप नाही. पोरकी हा शब्द नाही. नोट्स विकायला तुम्हाला बाई हवी होती, अनाथ पोर चालणार नव्हती. इतकी वर्षं मला वाटायचं की ते माझ्या नावाला कायमचं चिकटलंय. गरज पडल्यावर तुम्हाला ते सहज काढता आलं. त्याचा राग मला कधी जाईलसं वाटत नाही.

पण मजकूर हरिओमदादाचा नाही, तुमचा आहे, हे मी ओळखलं. एक ओळ अशी आहे, की विद्यार्थ्याची शंका पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय या बाई फळ्याकडे वळत नाहीत. हे कुठल्याच व्हिडिओत दिसत नाही, मामा, तिथं समोर विद्यार्थीच नसतात. हे ज्यानं वर्गाच्या दाराबाहेर उभं राहून ऐकलं, त्यालाच माहीत. म्हणजे तुम्ही ऐकत होतात. तीन वर्षं ऐकत होतात. त्यातलं एक वाक्य एकदा माझ्या तोंडावर बोलला असतात, तर मी नांदेडची बस धरलीच नसती.

मामीला साष्टांग नमस्कार. लोभ ठेवायचा की नाही ते तुम्ही बघा. माझ्या तासाची वेळ झाली.

सुकन्या पंढरी सोमवंशी