घड्याळ सुरू होण्याआधीचा तक्ता

ग्लेंडेल,
८ जून २०१९

नाइरी जान,

जान लिहिलं ते सवयीने. आपल्याकडे शेजारच्या मांजरालाही जान म्हणतात, तेव्हा त्यात माया शोधत बसू नकोस. आत्याचे गुडघे आता बरे असतील. तुझ्या दातांच्या क्लिनिकात दुसरी खुर्ची बसवल्याचं तिनेच सांगितलं. ल्युसिनेसाठी आहे म्हणे. अभिनंदन.

मी परीक्षा केंद्रासमोरच्या बेकरीत बसले आहे. तुझी धाकटी बहीण ल्युसिने आत दंतवैद्यकीच्या प्रवेशाचा पेपर देते आहे. तिला सोडायला तू येणार होतीस, पण तुला पेशंट होते. बरंच झालं. तिला मीच आणायचं होतं.

तिच्या अभ्यासाचं आधी सांगते. स्वतः फोन न करता आत्याकरवी निरोप धाडून तू तिला माझ्याकडे पाठवलंस, ते त्यासाठीच ना. बाकी सगळ्यात पोरगी हुशार आहे, फक्त चित्रात रचलेल्या ठोकळ्यांच्या रंगलेल्या बाजू मोजताना गडबडायची. आकृतीच्या मागे, जिथे काही दिसत नाही, तिथे मनाचेच ठोकळे रचायची. तुझी चूक वेगळी होती, तू जमिनीला टेकलेल्या, न रंगणाऱ्या तळालाही रंग लावायचीस. मग तुझ्या वेळेसारखेच साखरेचे चौकोनी खडे टेबलावर मांडले. वरचा खडा हवेत तरंगत नाही, म्हणून त्याच्याखाली असलाच पाहिजे तेवढाच धर, त्यापलीकडे एकही नाही. एकेका उभ्या रांगेने एकूण मोज. मग तक्ता काढ, किती बाजू रंगलेल्या, शून्यापासून पाचापर्यंत. प्रत्येक ठोकळ्याला एक रेघ. रेघांची बेरीज एकूणाशी जुळली तरच पुढे जा, कारण एकाच आकृतीवर ओळीने तीन-चार प्रश्न येतात आणि तक्ता चुकला तर सगळेच बुडतात. आता ती माझ्याहून वेगाने मोजते.

चहाला खडे कमी पडायचे, कारण अर्धे तिच्या पोटात जायचे. मला ती आवडते. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

वसंतात एकदा ती तक्ता आखता आखता हसायला लागली. म्हणाली, "नाइरीला तर परीक्षेला चांगलाच दम भरला होता, तुला माहितीये? घड्याळ सुरू व्हायच्या आधीच तक्ता काढायला बसली. तिथल्या बाईंनी मार्करच काढून घेतला. पुन्हा हात लावलास तर उठवीन म्हणाल्या. घरी येऊन आईच्या गळ्यात पडून किती रडली."

मीही हसले. तिला पुढची आकृती दिली आणि चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले.

कारण त्या रडण्याच्या दुसऱ्याच दिवशी, माझ्या परीक्षेआधी, तू माझ्याकडे आली होतीस, नाइरी. डोळे सुजलेले होते, पण मला वाटलं थकली असशील. माझ्या आईने केलेलं दोल्मा खाल्लंस, आणि निघताना दारात मला म्हणालीस, "पडद्यावर सूचना चालू असतात ना, तेव्हाच तक्ता काढून ठेव. सगळे काढतात. कोणी काही म्हणत नाही." नियम पुस्तिकेत होता, मी वाचलाही होता. पण तू आत जाऊन आलेली होतीस, आणि पुस्तिकेपेक्षा मला तू खरी वाटलीस.

तुला समज देऊन सोडलं. मीही सूचना चालू असतानाच तक्ता काढला, आणि मला सोडलं नाही. माझा निकाल रद्द झाला, प्रवेशाचं वर्ष गेलं, आणि आपल्या दोघींनी ज्या जागेसाठी अर्ज केला होता ती तुला मिळाली. इथवर मी सहन केलं होतं. वाटायचं, तिचं नशीब चांगलं, माझं वाईट. तिला तरी काय ठाऊक.

पण त्यानंतर आत्याने चर्चच्या दालनात चारचौघांत सांगितलं, की तालीन कॉपी करताना पकडली गेली. तू तिच्या शेजारीच बसली होतीस, हातात कॉफीचा कप होता. बाबांनी तुझ्याकडे पाहिलं. भाची आहे, परीक्षा देऊन आली आहे, हिला खरं माहीत असेल, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तू कप खाली ठेवलास आणि बशीकडे बघत राहिलीस. बाबा त्यानंतर चर्चला गेले नाहीत. चपलांच्या दुकानात लोक विचारतील म्हणून मागच्या खोलीत बसायचे. मी कॉपी केली असं समजूनच ते गेले. एका वाक्याचं काम होतं, आणि तुझ्याकडे ते होतं.

आता माझ्याकडेही एक वाक्य आहे. तुझंच आहे. गेले कित्येक आठवडे ते घेऊन हिंडते आहे. आज गाडीतून उतरताना ल्युसिनेने विचारलं, शेवटचं काही सांगायचंय का. तुझ्या बहिणीचा माझ्यावर, माझा तुझ्यावर होता त्याहूनही जास्त, विश्वास आहे. ते वाक्य माझ्या ओठांवर होतं. तुझी ती नवी खुर्ची रिकामी राहिलेली मला दिसत होती, आणि खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

मी म्हणाले, "घड्याळ सुरू झाल्याशिवाय मार्करला हात लावू नकोस. कोणीही, काहीही सांगितलेलं असो."

ती म्हणाली, "असं कोण सांगेल?"

मी म्हणाले, बाहेर आल्यावर सांगते.

*

ती बाहेर आली. निकाल हातात आहे, उत्तम आहे, आणि ठोकळ्यांत तर सगळ्यांत चांगला. आत्याला फोन करून झाला. तिने समोर बसून दोन पिरोश्की खाल्ल्या, आणि पोट भरल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तुझी रडण्याची गोष्ट, तुझं दारातलं वाक्य, बाबा, बशी. एकही गोष्ट वाढवून सांगितली नाही. गरजच नव्हती.

ती आधी हसली, मी थट्टा करते आहे असं समजून. मग म्हणाली, "नाइरी तशी नाहीये."

मी म्हणाले, "तिलाच विचार."

"उद्या विचारते," ती म्हणाली. "जेवताना. सगळ्यांसमोर."

उद्या रविवार. आत्याच्या अंगणात शेगडी पेटेल, मामा-मावश्या जमतील, ल्युसिनेच्या नावाने पेले उंचावले जातील. आई आणि मीही येणार आहोत, बऱ्याच वर्षांनी. हे पत्र ल्युसिने आज संध्याकाळीच तुझ्या हातात देईल. तिने वाचलेलं नाही, पाकीट मी तिच्यासमोर बंद करते आहे. म्हणजे तुला विचार करायला पूर्ण रात्र मिळते, मला सावध व्हायला तेवढीही मिळाली नव्हती.

नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. मी तिथे एक शब्दही बोलणार नाही, माझ्या आईसमोर शपथ घेते. बशीकडे बघत बसेन. तुझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते ल्युसिने ठरवेल, आणि पुढे आयुष्यभर, रोज सकाळी, तुझ्या शेजारी उभी राहून ठरवत राहील.

तुझी मामेबहीण, जिच्या बापाने तुझ्याकडे पाहिलं होतं,
तालीन